रकाना सात

परवाना पुन्हा द्यायचा की नाही हे ठरण्याआधी
नव्वद दिवसांचं प्रसारण कोणीतरी ऐकावं लागतं.
टुम्बुका येणारा खात्यात मी एकटा,
म्हणून ते कोणीतरी म्हणजे मी.
लिलोंग्वे, तिसरा मजला, कानाला हेडफोन,
समोर तक्ता:
बातम्या, संगीत, धर्म, जाहिरात,
शेती-आरोग्य, सरकारी निवेदन.
सातवा रकाना, इतर.
इतर पाच टक्क्यांवर जाता कामा नये.

केंद्र म्हणजे सरोवराकाठची एक खोली
आणि आंब्याला तारांनी बांधलेला खांब.
निवेदिका सुझगो म्वाले, वय एकतीस.
मानधन या प्रश्नापुढे तिने लिहिलंय: साबण,
महिन्याला दोन वड्या.

चौथा दिवस, पहाटे पाच चाळीस.
"म्वेरा सुटलाय, दक्षिणेकडून, लाटांना फेस आहे.
जेटाच्या वडिलांनी आज होडी काढू नये.
काल ताप होता त्यांना. घरात ऐकत नाहीत
म्हणून बायकोने मला सांगायला लावलंय."
हवामान म्हणावं तर हवामान खात्याचा दाखला नाही,
आरोग्य म्हणावं तर डॉक्टर नाही.
सातव्यात टाकलं.

अकराव्या दिवशी वाळलेल्या उसिपाचा भाव,
आणि निळ्या ट्रकवाल्याची बादली
इतरांच्या बादलीपेक्षा मोठी आहे, ही माहिती.
जाहिरातच, पण उलटी.
सातवा.

एकोणिसावा दिवस. तेवीस मिनिटं काहीच नाही.
कोंबडी. दार. लांबून कोणीतरी दळतंय.
मग धापा टाकत ती:
"माफ करा, बाळ रडत होतं. माझं नव्हतं."

अडतिसाव्या दिवशी बोटीने कोणाची तरी पेटी यायची होती.
वरच्या वाडीतल्यांनी दोर आणावा, म्हणाली,
पेटी जड आहे, तो गेला तेव्हा बारीक होता.
मी फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली.
कामासाठी नव्हे.

सातवा रकाना एक्केचाळीस टक्क्यांवर गेला तेव्हा
काम्वेन्डो साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.
"कानाडोळा करायचा पगार नाही तुला."
ते वाईट नाहीत. नियमही उगाच आलेला नाही.
दुसऱ्या एका गावात, दुसऱ्या एका केंद्रावरून,
रात्री साडेआठला कोणीतरी नावं वाचली होती,
कुठलं घर, कुठली गल्ली, दाराचा रंग.
पहाटेपर्यंत सहा घरं जळाली.
ती फीतही मीच ऐकली होती.
त्या आवाजातही अशीच आपुलकी होती,
अशीच थोडी सर्दी.
त्याचंही सगळं सातव्यातच बसलं असतं.

तेव्हापासून मला गोड आवाजाची भीती वाटते.
तेव्हापासून सुझगो म्वाले
"ऐकताय ना?" म्हणते तेव्हा
मी आवाज एक खूण कमी करतो,
आणि थोड्या वेळाने परत वाढवतो.

परवान्याचं शुल्क डॉलरमध्ये भरायचं असतं.
त्यांनी हप्ता मागितलाय.
सोबत गावच्या सह्या, बऱ्याचशा अंगठे.
एका अंगठ्याला माशाचं खवलं चिकटून आलंय,
ते तसंच ठेवून मी कागदाला टाचणी मारली.

नव्वदावा दिवस, शेवटची चार मिनिटं.
"असं कळलं की राजधानीत कोणीतरी बसून
आपलं सगळं ऐकतं, खोकलासुद्धा.
काम कंटाळवाणं असणार, बिचारा.
भाऊ, जेवलास का?
आमच्याकडे आज न्सिमा आणि भाजलेला मासा आहे."

मग ती थांबली,
खरोखरच उत्तराची वाट पाहावी तशी.
मागे लाट, मागे आंब्याचं पान.

मी मोजलं. नऊ सेकंद.
प्रसारणात खंड धरायला दहा लागतात.
पुन्हा मोजलं.